नकोबाईंचे ब्रेक

“नको.”

“मॅडम, मी अजून काय ते सांगितलंच नाही.”

“म्हणून तर आधीच सांगते. तुमचाही वेळ वाचेल.”

डॉक्टरने फोन कानापासून जरा लांब धरला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे बघून नुसते ओठ हलवले: नकोबाई. सहकारी हसला. सर्व्हिस सेंटरमध्ये त्या बाईंना सगळे याच नावाने ओळखत. इंजिन आतून धुऊन देऊ? नको. एसीत जंतुनाशक फवारू? नको. गंज लागू नये म्हणून खालून लेप मारू? नको. ऑइल बदला, चाकांत हवा बघा आणि गाडी पुसू नका, तुमच्या फडक्याने ओरखडे पडतात, एवढं बोलून त्या सकाळी जात. संध्याकाळी येऊन उभ्या-उभ्या बिल ओळ न् ओळ वाचत आणि पैसे देऊन गाडी घेऊन जात. इतकी वर्षं येत होत्या, पण इथल्या खुर्चीवर बसल्याचं किंवा फुकटची कॉफी प्यायल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

डॉक्टर हेही त्याचं नाव नव्हे. पुढे नव्या गाड्यांचं काचेचं दुकान आणि मागे दुरुस्तीची मोठी शेड, अशा त्या जागी तो सर्व्हिस सल्लागार होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बोलण्याची एक खास ढब. ‘तसं काळजीचं काही नाही, पण...’ अशी सुरुवात करून तो थांबायचा. त्या ‘पण’वर त्याचं घर चालत होतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटली की मग तो हळूच, सहानुभूतीने, एकेक आजार सांगायचा.

लोकांबद्दल त्याला फारसा आदर उरला नव्हता. ज्याला गाडीतलं काही कळत नाही तो भीतीने हो म्हणतो. ज्याला थोडं कळतं तो त्याच्याही आधी हो म्हणतो, कारण आपल्याला कळतं हे त्याला दाखवायचं असतं. बायकोसमोर नवरा घासाघीस करत नाही आणि पोरं मागच्या सीटवर असली की आईबाप कशालाही मान डोलावतात. हे सगळं त्याला पाठ होतं. या नोकरीआधी तो दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. लोकांच्याच माठातलं पाणी पेल्यात घ्यायचं, त्यात विजेच्या दोन तारा बुडवायच्या आणि ते पिवळंजर्द झालं की म्हणायचं, “हे तुम्ही रोज पिताय.” कुठलंही पाणी तसं होतं, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. तेव्हापासून त्याचं मत पक्कं झालं होतं की माणूस लुटला जात नाही, तो स्वतःहून खिसा उलटा करतो.

त्याच्या टेबलाच्या खणात एअर फिल्टर ठेवलेला होता. काळा, मातकट, बघूनच शिंक यावी असा. तो सगळ्यांचा होता. ज्याच्या गाडीचा फिल्टर ठीक असेल त्याला हा काढून दाखवायचा. तीन-चार सल्लागार मिळून तो एकच फिल्टर वापरत. एकदा तो नकोबाईंना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून तो निरखून पाहिला आणि म्हणाल्या, “यातला हा पतंग मागच्या वर्षीसुद्धा इथेच मेला होता.”

त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरचे कान गरम झाले. पण फिल्टर कुणी बदलला नाही. बाकीचे लोक पतंगाकडे बघत नव्हते.

“मॅडम, ऐकून तरी घ्या,” आता तो फोनवर म्हणाला. “तुमच्या ब्रेकचं आहे.”

“ब्रेक? हे नवीन दिसतंय. गेल्या खेपेला स्टिअरिंग होतं ना?”

“या वेळी खरंच आहे.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

“बरं झालं, तुमच्याच तोंडून ऐकलं,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी येते. काही बदलू नका.”

मघाशी शेडमधून मेकॅनिकने त्याला हाक मारली होती. हा मेकॅनिक कधी कुणाला हाक मारायचा नाही. वर उचललेल्या गाडीखाली उभा राहून त्याने टॉर्चचा उजेड पुढच्या चाकाच्या आत टाकला. ब्रेकच्या तेलाची रबरी नळी वळणापाशी फुगली होती, जेवढी फुगू नये तेवढी, आणि तिथे बोट लावलं की ओलसर लागत होतं. पॅड तर झिजून पत्र्याला आले होते.

“खरंच गेलेत?” डॉक्टरने विचारलं.

“खरंच म्हणजे?”

“म्हणजे खरंच, की आपले नेहमीसारखे?”

मेकॅनिकने टॉर्च विझवला. “जोरात दाबला की फुटणार. आज, नाहीतर महिन्याने. मी काय ज्योतिषी आहे?” आणि तो दुसऱ्या गाडीकडे गेला.

संध्याकाळी बाई आल्या त्या एका रिक्षातून, नवऱ्याला घेऊन. बाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेला, त्यामुळे चालणं अजूनही तसंच, रांगेतल्या खाटा तपासत निघाल्यासारखं. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. बाईंनी त्यांना आधार देत गाडीपाशी आणलं, पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि त्यांचा निर्जीव हात उचलून, एखादं भांडं फळीवर ठेवावं तसा, मांडीवर नीट ठेवला. मग दार लावून त्या डॉक्टरसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बिल.”

“मॅडम, तसं काळजीचं काही नाही, पण...”

तो थांबला. या वेळी तो मुद्दाम थांबला नव्हता. सवयीने तोंडातून आलेलं ते वाक्य त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्याला किळस आली. काळजीचं होतं. चांगलंच काळजीचं होतं. पण ते सांगायला त्याच्याजवळ दुसरं वाक्यच नव्हतं. आवाज जरा खाली आणला तर तो सहानुभूतीचा आवाज, तो रोज वापरला जायचा. घाईने बोललं तर ते ‘ऑफर आजच संपतेय’सारखं वाटायचं. चेहरा गंभीर केला तर तोही नेहमीचाच.

“चला, दाखवतो,” तो म्हणाला.

ग्राहकांना शेडमध्ये न्यायची मनाई होती. कारण म्हणून सुरक्षिततेची पाटी लावली होती. खरं कारण एवढंच की आत गेल्यावर काय काय केलेलं नाही ते दिसतं. त्याने मेकॅनिकला गाडी पुन्हा आत घ्यायला लावली. बाईंचे साहेब पुढच्या सीटवर बसलेलेच होते, त्यांना उतरवायचं म्हणजे पुन्हा सगळा खटाटोप, म्हणून गाडी लिफ्टवर न चढवता जॅक लावून नुसतं चाक काढलं. बाई वाकल्या. नळी बघितली, पॅड बघितले, डॉक्टरचं बोट तेलाने चकाकत होतं तेही बघितलं.

“आमच्याकडे एक सर्जन होते,” त्या सरळ होत म्हणाल्या. “एक्स-रे उजेडासमोर धरून पेशंटला दाखवायचे. हे बघा, इथे. पेशंट म्हणायचा, हो डॉक्टर, दिसलं. त्याला काय दिसायचं? काळं आणि पांढरं. पण तो कापून घ्यायचा.”

“मॅडम, मी तुमची शप्पथ...”

“माझी कशाला? स्वतःची घ्या.”

त्याने कागद पुढे केला. दुरुस्ती सुचवली होती, ग्राहकाने नाकारली, पुढच्या परिणामांची जबाबदारी कंपनीची नाही, अशा मजकुराखाली बाईंनी फराटेदार सही ठोकली. अशा सह्या त्यांनी या आधीही केल्या होत्या. दर खेपेला काही ना काही मरणार होतं आणि गाडी मजेत चालत होती. त्यांचं काय चुकत होतं?

गाडी फाटकाकडे निघाली तसा डॉक्टर तिच्यामागे गेला. आधी चालत, मग भरभर. मॅनेजरच्या केबिनला या बाजूने काच होती, हे त्याला ठाऊक होतं. त्याने बाईंच्या खिडकीवर टकटक केली.

काच अर्धी खाली आली. “आता काय?”

“इथे करूच नका.”

“काय?”

“ब्रेक. इथे करू नका. पुढच्या चौकात टायरच्या दुकानामागे एक गॅरेज आहे. माझा त्याच्याशी काही संबंध नाही. तो मला ओळखतही नाही, ओळखत असता तर शिव्या दिल्या असत्या. त्याला माझं काही सांगू नका. नुसतं म्हणा, ब्रेक बघ. आणि तिथपर्यंत हळू जा. घरच्या रस्त्याला उतार आहे ना, तिकडून जाऊ नका.”

बाईंनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. त्या पतंगाकडे पाहिलं होतं तसंच.

“तुम्हाला त्यात काय मिळणार?”

“काही नाही.”

“मग कशाला सांगताय?”

त्याने बाईंच्या पलीकडे पाहिलं. पलीकडच्या सीटवर साहेब समोर बघत बसले होते. त्यांना किती कळत होतं कोण जाणे.

“साहेब पुढे बसतात ना,” तो म्हणाला.

काच वर गेली आणि गाडी फाटकाबाहेर पडली. चौकापाशी तिने वळायचा दिवा दिला की नाही, ते इथून दिसत नव्हतं.

घरी जेवताना त्याने आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. त्याची बायको एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचून तिला चेहरेही वाचता यायला लागले होते.

“काय झालंय?”

“आज एका बाईला खरं सांगितलं.”

“मग? पटलं तिला?”

“माहीत नाही.”

बायकोने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. “गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, गॅसची नळी बदलायला हवी. मी काय म्हटलं होतं?”

“आज बदलली तर सवलत आहे का, असं.”

“तेच म्हणतेय मी. मला हसू आलं होतं. नंतर मी ती बदलून आणली, ती गोष्ट वेगळी. पण आधी हसूच आलं.” ती सहज बोलली, त्याला टोचावं म्हणून नव्हे. म्हणूनच ते जास्त टोचलं.

पुढचे काही दिवस तो वर्तमानपत्रातली आतली पानं वाचत राहिला, जिथे अपघातांच्या लहान बातम्या असतात. तसं काही आलं नाही. दिवसा तो काम करत होता, पण हात आखडल्यासारखा. एका गृहस्थांना तो म्हणाला, “तसं काळजीचं काही नाही,” आणि तिथेच वाक्य संपवलं. गृहस्थ वाट बघत राहिले. मग जरा नाराज होऊनच गेले. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर त्याच्या नावापुढचा विक्रीचा आकडा सगळ्यात खाली आला. तो फळा मॅनेजर रोज सकाळी स्वतःच्या हाताने लिहायचा आणि शेजारी हसरे, रडवे चेहरे काढायचा. वयाने तो डॉक्टरपेक्षा बराच लहान होता. गाडी कशी चालते याचं त्याला कुतूहल नव्हतं. ती दारात आली की तिच्यातून काय निघेल एवढंच तो बघायचा. “गाडी ठणठणीत असेल तर तो आपला प्रॉब्लेम आहे,” हे त्याचं आवडतं वाक्य. त्यावर सगळ्यांनी हसायचं, अशी रीत होती.

मग एका सकाळी नकोबाई आल्या. गाडीचं काही काम नव्हतं. इस्त्रीचे कपडे घालून, पर्स काखेत धरून, त्या डॉक्टरच्या टेबलावरून पुढे गेल्या आणि सरळ मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये शिरल्या. आत त्या खुर्चीवर बसल्या. बाहेरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. काचेतून आवाज येत नव्हता. बाई बोलत होत्या, हाताने काहीतरी ओढून काढल्यासारखं दाखवत होत्या आणि मॅनेजर हसून मान डोलावत होता. एकदा दोघांनीही वळून डॉक्टरकडे बघितलं.

बाहेर येताना त्या त्याच्यापाशी थांबल्या.

“सांगून आले तुमच्या साहेबांना. त्या गॅरेजवाल्याने नळी धरून नुसती ओढली तर त्याच्या हातात आली. म्हणाला, तुम्ही इथपर्यंत आलात कशा? मला वायपरही चिकटवले त्याने, चांगले असताना. पण ब्रेकचं खरं होतं.” त्या जराशा घुटमळल्या. आभार मानायची सवय नसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा अवघडला. “इतकी वर्षं मी तुम्हाला सगळ्यांना एका माळेचे मणी समजत होते. सांगितलं मी त्यांना, तुमच्या अख्ख्या दुकानात हा एकच माणूस कामाचा आहे, गिऱ्हाइकाचा जीव वाचावा म्हणून बाहेर पाठवतो. त्यांनी ऐकून घेतलं सगळं. चांगला आहे तो मुलगा.”

“हो,” डॉक्टर म्हणाला.

त्या गेल्यावर पाचच मिनिटांत आतून बोलावणं आलं.

“बसा डॉक्टर, बसा,” मॅनेजर म्हणाला. “कस्टमर फार खूश आहे तुमच्यावर. माझ्या करिअरमध्ये कस्टमरला इतकं खूश मी बघितलेलं नाही.”

डॉक्टर बसला नाही.

“आपण पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवतो का?”

“सर, त्यांनी इथे केलंच नसतं.”

“मग नसतं केलं.”

“नळी फुटली असती.”

“नकाराची सही घेतली होती ना?”

“घेतली होती.”

“मग आपला विषय तिथे संपला होता,” मॅनेजर म्हणाला. हे तो रागाने बोलला नाही. अगदी सहज, एखाद्याला रस्ता सांगावा तसं बोलला. डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. लोकांना तुच्छ समजण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. पण आपण निदान त्यांना घाबरवत तरी होतो. घाबरवायला समोर माणूस आहे हे मानावं लागतं. याच्या लेखी त्या गाडीत कुणी बसलेलंच नव्हतं.

“तुम्ही सीनियर आहात,” मॅनेजर पुढे म्हणाला. “मी कागदावर काही आणणार नाही. तुम्हीच राजीनामा द्या. पर्सनल रीझन टाका.”

“माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“मी तुमच्या जागी नसतोच,” मॅनेजर हसून म्हणाला. हे मात्र खरं होतं.

डॉक्टरने टेबल आवरलं. आवरायला फारसं काही नव्हतं. एक कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, डब्यासोबत आलेला एक चमचा. शेजारचा सहकारी संगणकात डोळे घालून बसला होता. अशा वेळी माणसाकडे बघितलं की आजार आपल्याला लागतो, अशी इथे समजूत होती.

“फिल्टर खणात आहे,” डॉक्टर त्याला म्हणाला. “पतंग तेवढा काढून टाका. कधीतरी कुणीतरी बघतं.”

पुढे दोन-चार ठिकाणी तो जाऊन आला. टायरच्या दुकानामागच्या त्या गॅरेजवाल्याकडेही गेला. गॅरेजवाल्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “नट खोलता येतो?” “नाही.” “मग तिथे इतकी वर्षं काय करत होतास?” “बोलत होतो.” गॅरेजवाला मोठ्याने हसला, चहा मागवला आणि म्हणाला, “बोलायचं काम मी माझं मीच करतो.” शेवटी एका गाद्यांच्या दुकानात जमलं. ‘झोप कशी लागते आपल्याला?’ एवढं विचारायचं आणि थांबायचं, असं मालकाने त्याला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. एक तारखेपासून यायला सांगितलं होतं.

त्याआधीच्या एका संध्याकाळी तो बायकोला घ्यायला औषधांच्या दुकानाशी गेला होता. दुकानात गर्दी होती म्हणून तो बाहेर फुटपाथवर उभा राहिला. अंगात पांढरा शर्टच होता. दुसरे फारसे नव्हते. समोर एक गाडी येऊन थांबली आणि त्यातून नकोबाई उतरल्या.

“तुम्ही? इकडे?”

“बायको काम करते इथे.”

“अच्छा, ती चष्म्यावाली? शहाणी आहे. महागडं औषध लिहिलेलं असलं की स्वस्तातलं तेच आहे म्हणून सांगते.” त्यांनी गाडीकडे हात केला. आत साहेब बसले होते. “यांना आता जरा बरं आहे. डाव्या हाताने दार उघडतात स्वतः.”

“छान झालं.”

“मी पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्याचकडे येणार होते. तुम्ही आहात म्हणून. पण म्हटलं, त्या गॅरेजवाल्याचा राग येईपर्यंत त्याच्याकडेच जाऊ.” मग त्या एकदम काही आठवल्यासारखं म्हणाल्या, “काय हो, मी तुमच्या साहेबांशी बोलले त्याचा उपयोग झाला का काही? पगार वाढवला की नाही?”

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं. वॉर्डात उभं राहून बरा होऊ घातलेला पेशंट बघावा, तसं त्या त्याच्याकडे बघत होत्या. जन्मात पहिल्यांदा कुणाची तरी शिफारस केल्यासारखं त्यांचं तोंड फुललं होतं.

“वाढवला,” तो म्हणाला. “लगेचच.”

“वाटलंच मला. मुलगा समंजस वाटला.” त्यांनी समाधानाने पर्स काखेत सारली आणि त्या दुकानात गेल्या. औषधं घेऊन आल्या, त्याला मान हलवून निरोप दिला आणि गाडीत बसल्या.

गाडी निघाली. रस्ता पुढे उतरत जाऊन वळत होता. वळणावर कुणीतरी सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होतं. गाडीचे मागचे लाल दिवे लागले, गाडी जागच्या जागी थांबली, सायकलवाला सावकाश पलीकडे गेला. मग दिवे विझले आणि गाडी वळली.

“कोण होतं?” दुकानातून बाहेर येत बायकोने विचारलं.

“एक पेशंट,” तो म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी त्याने आपल्याकडे घेतली.